२१, क्रॉमवेल रोड : मदत आणि पाळत एकाच छपराखाली

आपल्या या गप्पांमध्ये बहुतेक वेळा एखादी लढाई असते, एखादा राजा असतो, नाहीतर एखादा समाजसुधारक. आज विषय जरा वेगळा आहे. आज एका कचेरीची गोष्ट सांगायची आहे. परक्या देशात शिकायला आलेल्या मुलांना मदत करण्यासाठी उघडलेली कचेरी. हेतू कागदावर चांगला, जागा लंडनच्या उत्तम वस्तीत, प्रमुख म्हणून नेमलेला माणूस विद्वान आणि सज्जन. आणि तरीही ज्या मुलांसाठी ती उघडली, त्यांतली कितीतरी मुलं तिच्या दारातून आत जायला बिचकायची. असं का झालं, हे बघू.

लंडनमधले दोन पत्ते लक्षात ठेवा. पहिला, ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू, हायगेट. हे उत्तर लंडनमधलं ‘इंडिया हाऊस’. सावरकरांमुळे हा पत्ता मराठी माणसाला ठाऊक असतो, तिथे आज त्यांच्या नावाची पाटीही आहे. दुसरा, २१ क्रॉमवेल रोड, साऊथ केन्सिंग्टन. नावं इतकी सारखी की अनेकांचा गोंधळ होतो. पण शहराच्या नकाशावर आणि मनाच्या नकाशावरही ही दोन घरं एकमेकांपासून फार लांब होती. गंमत म्हणजे दोन्ही घरांचं काम वरवर पाहता एकच होतं. हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थ्याला छप्पर, जेवण, माहिती आणि चार ओळखीची माणसं मिळवून देणं.

आधी ही मदत लागत का होती ते समजून घेऊ.

१८८८ च्या सप्टेंबरअखेरीस एक अठरा वर्षांचा काठियावाडी मुलगा इंग्लंडमध्ये बोटीतून उतरला. अंगात पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट. बंदरावर असे कपडे घातलेला तो एकटाच. दिवस शनिवारचा होता. सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात दिलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत सामान मिळणार नाही. तोवर तेच पांढरे कपडे. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं सांगितलंय. त्यांच्या खिशात चार ओळखपत्रं होती. डॉ. प्राणजीवन मेहता, दलपतराम शुक्ल, रणजितसिंह आणि दादाभाई नौरोजी यांच्या नावांची. त्यांतले मेहता त्याच संध्याकाळी हॉटेलवर भेटायला आले. बोलता बोलता गांधींनी त्यांची रेशमी टोपी हातात घेतली आणि कौतुकानं उलट्या बाजूनं हात फिरवला. मेहता रागावले, आणि तिथेच पहिला धडा सुरू झाला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पहिल्या भेटीत आपल्याकडे विचारतात तसे खासगी प्रश्न विचारायचे नाहीत. मोठ्यानं बोलायचं नाही. प्रत्येकाला ‘सर’ म्हणत सुटायचं नाही, ते नोकरांनी मालकाला म्हणायचं असतं. मेहतांनी आणखी एक गोष्ट सांगितली, हॉटेलात राहू नकोस, परवडणार नाही, एखाद्या कुटुंबात राहा.

आजच्या विद्यापीठांत याला ‘ओरिएंटेशन’ म्हणतात आणि त्याला तीन दिवस लागतात. मेहतांनी ते एका बैठकीत उरकलं. पण या मुलाकडे मेहता होते. ज्याच्याकडे असं एकही पत्र नसेल त्यानं काय करायचं?

त्याच्यासाठी त्या काळी लंडनमध्ये एक संस्था होती, नॅशनल इंडियन असोसिएशन. मेरी कारपेंटर या बाईंनी ती १८७० मध्ये ब्रिस्टलला स्थापन केली. राजा राममोहन राय यांचा देह ज्या गावात पडला तेच हे गाव. पुढे संस्थेचं काम लंडनला आलं आणि एलिझाबेथ मॅनिंग या बाईंनी ते जवळजवळ तीन दशकं चालवलं. संस्थेचं मासिक निघायचं, विद्यार्थ्यांसाठी माहितीपुस्तिका निघायची, आणि मॅनिंगबाईंच्या घरी चहापाणी व्हायचं. गांधीही तिथे जायचे आणि तोंड मिटून बसून राहायचे, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. कुणी बोलतं केलं तरच बोलायचे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. समारंभ, चहा, ओळखीपाळखी हे सगळं बोलक्या मुलांच्या उपयोगाचं असतं. जो मुळात लाजाळू आहे, तो अशा दिवाणखान्यातूनही एकटाच घरी परततो.

गांधींना लंडन खऱ्या अर्थानं आपलंसं झालं ते फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली तेव्हा. पोट भरलं, मग मंडळी भेटली, मग सभा, मग लेख. पुढे दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर त्यांनी ‘गाइड टू लंडन’ नावाची एक पुस्तिका लिहायला घेतली होती. कपडे किती न्यावेत, खोलीचं भाडं किती, आठवड्याला किती पैशांत भागतं. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, पण त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्याच खंडात आहे. जरूर चाळा. आधी ठेच खाल्लेल्या माणसानं मागून येणाऱ्यासाठी लिहिलेला तो कागद आहे.

आता जरा अटलांटिकच्या पलीकडे डोकावू, कारण मराठी माणसाला या विषयात आनंदीबाई जोशी आठवणारच. त्यांच्यामागे कुठलीही संस्था नव्हती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कारपेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांच्या पत्राची हकिकत वाचली आणि पत्र लिहिलं. (मेरी कारपेंटर आणि या कारपेंटर वेगळ्या, नातं काही नाही.) तीन वर्षं पत्रं चालली. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा तोवर कधीही न भेटलेली मावशी तिथे न्यायला आली होती. आजही कुठल्या विद्यापीठाच्या मदत-कक्षाला याहून चांगलं स्वागत जमणार नाही.

पण पुढचं बघा. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, डीन रेचेल बॉडली यांनी माया लावली, आणि राहायला मिळाली एक खोली, जिची शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडं गोठवणारी थंडी. त्यात अंगावर नऊवारी आणि जेवणाची आबाळ. प्रकृती ढासळत गेली. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षं पुरती व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या. मृत्यू क्षयानं झाला, एकट्या खोलीला दोष देता येणार नाही. तरी ती धुरकट खोली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. प्रेम करणारी माणसं होती, पण भाड्याच्या खोलीत धुराडं चालतं की नाही हे तपासणं कुणाचंच काम नव्हतं.

बरं, लंडनला परत येऊ. विद्यार्थी वाढत होते. त्यांनी आपापली मंडळंही काढली होती. एडिंबरोची इंडियन असोसिएशन १८८३ ची, केंब्रिजची ‘मजलिस’ १८९१ ची. वादविवाद, जेवणं, वर्गणीतून पुस्तकं. पण राहायचं कुठे हा प्रश्न सुटत नव्हता. घरमालकिणी दार उघडायच्या, चेहरा बघायच्या आणि खोली नुकतीच गेली म्हणायच्या.

१ जुलै १९०५ ला श्यामजी कृष्णवर्मांनी हायगेटचं घर उघडलं. श्यामजी कच्छमधल्या मांडवीचे, मुंबईत शिकलेले, संस्कृतचे मोठे पंडित, ऑक्सफर्डला मोनियर विल्यम्स यांच्या हाताखाली काम केलेले. उद्घाटनाला समाजवादी पुढारी हाइंडमन होते, दादाभाई होते, मादाम कामा होत्या. पंचवीसेक मुलांची सोय, वाचनालय, व्याख्यानांसाठी दिवाणखाना. श्यामजींनी शिष्यवृत्त्याही ठेवल्या. त्यांची अट प्रसिद्ध आहे, ही शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही. टिळकांच्या शिफारशीनं शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन सावरकर १९०६ च्या उन्हाळ्यात तिथे पोचले. एडिंबरोला शिकणारे आणि राजकीय भाषणामुळे शिष्यवृत्ती गमावलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, तेही याच वर्तुळात आले.

इंडिया हाऊसकडे आपण क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण तिथे येणारा प्रत्येक मुलगा बॉम्ब शिकायला येत नव्हता. कित्येक जण आपल्या चवीचं जेवण आणि आपल्या भाषेतल्या गप्पा यांसाठी येत. ज्या घरात भात-आमटी मिळते त्या घरातलं बोलणं कानावर पडतंच. इंग्रज सरकारला ही गोष्ट आपल्या इतिहासकारांच्या आधी कळली होती.

म्हणूनच १९०७ मध्ये भारतमंत्री मोर्ले यांनी एक समिती नेमली. अध्यक्ष सर विल्यम ली-वॉर्नर, मुंबई इलाख्यात हयात घालवलेले सनदी अधिकारी. सदस्य दोन, अलीगढच्या कॉलेजचे माजी प्राचार्य थिओडोर मॉरिसन आणि भारतमंत्र्यांचे राजकीय ए.डी.सी. सर विल्यम कर्झन वायली. काम काय? ब्रिटनमधल्या सुमारे सातशे हिंदी विद्यार्थ्यांची परिस्थिती तपासायची. समिती लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिंबरो असं हिंडली, विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या साक्षी घेतल्या.

समितीला जे दिसलं ते खरंच होतं. मुलं कोवळ्या वयात येतात, योग्य अभ्यासक्रम कुठला हे माहीत नसतं, पैशांचा हिशेब चुकतो, गोऱ्या समाजात मिसळता येत नाही, एकटी पडतात. उपायही व्यवहार्य वाटावेत असे सुचवले. माहिती देणारी कचेरी, सल्लागार, हिंदुस्थानातच निघण्यापूर्वी मार्गदर्शन करणाऱ्या प्रांतिक समित्या, आणि विद्यार्थी-हिताच्या जुन्या संस्थांना एकत्र आणणारं एक घर. पण या सगळ्यामागे दुसरा एक प्रश्न होता. ही मुलं राजद्रोही का होताहेत? एकाच समितीला हे दोन प्रश्न एकत्र सोपवले गेले. आणि अहवाल? तो छापलाच नाही. पंधरा वर्षं फायलीत राहिला, १९२२ मध्ये दुसऱ्या एका अहवालाची पुरवणी म्हणून लोकांसमोर आला. ज्या मुलांनी साक्षी दिल्या त्यांना आपल्या सांगण्याचं काय झालं ते कळलंच नाही. ज्याच्याकडून माहिती घेता त्याला निष्कर्ष दाखवायचा नाही, ही सुरुवातच संशयाला खतपाणी घालणारी होती.

इथे एक नेहमीचा गैरसमज दूर करायला हवा. मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला मारलं म्हणून घाबरून सरकारनं विद्यार्थ्यांची कचेरी काढली, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. ‘ब्यूरो ऑफ इन्फर्मेशन फॉर इंडियन स्टुडंट्स’ ही कचेरी एप्रिल १९०९ ची. वायलीचा वध १ जुलै १९०९ चा. इंडिया हाऊस उघडलं त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. आणि जागा कोणती? इंपीरियल इन्स्टिट्यूटमधलं जहांगीर सभागृह. प्रसंग कोणता? नॅशनल इंडियन असोसिएशनचा स्नेहमेळावा, म्हणजे तेच चहापाणी, तीच ओळख करून देणारी संध्याकाळ, जिथे वीस वर्षांपूर्वी गांधी गप्प बसून राहत. धिंग्रा युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होते, ते पाहुणे म्हणून आले होते. वायलीला वाचवायला पुढे झालेले डॉ. कावस लालकाका हेही मारले गेले, आपण बरेचदा हे नाव विसरतो. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात धिंग्रांना फाशी झाली. ज्या माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या तो विद्यार्थ्यांच्या ‘हिता’च्या समितीचा सदस्य होता. मदत आणि पाळत यांची गाठ किती घट्ट बसली होती, ते यावरून समजावं.

त्या काळातली पाळत काल्पनिक नव्हती. इंडिया हाऊसमध्ये दातांच्या वैद्यकीचा विद्यार्थी म्हणून राहायला आलेला कीर्तीकर नावाचा माणूस पोलिसांचा खबऱ्या निघाला. मुंबई पोलिसांतला अधिकारी जॉन वॉलिंजर याला युरोपातल्या हिंदी लोकांवर नजर ठेवण्यासाठी लंडनला आणून बसवण्यात आलं. आपल्या खोलीशेजारचा मुलगा कोण आहे याची खात्री नसलेल्या विद्यार्थ्यापुढे आता सरकारनं एक नवीन दार उघडलं आणि म्हटलं, या, काही अडचण असेल तर सांगा.

ऑगस्ट १९१० मध्ये २१ क्रॉमवेल रोडचं घर सुरू झालं. समोर नॅचरल हिस्ट्री म्युझियमची भव्य इमारत. घरात एका छपराखाली माहिती कचेरी, नॅशनल इंडियन असोसिएशन आणि नॉर्थब्रुक सोसायटी, शिवाय नव्यानं आलेल्या मुलांना काही दिवस उतरता यावं म्हणून खोल्या. शैक्षणिक सल्लागार म्हणून नेमलेले टी. डब्ल्यू. आर्नल्ड. हे नाव सहज घेण्यासारखं नाही. अलीगढला आणि लाहोरला शिकवलेले, अरबी-फारसीचे जाणकार, कवी इक्बाल यांचे लाडके गुरू. नोकरशहा म्हणून त्यांची कुणी टिंगल करू शकलं नसतं.

कचेरी काय काय करायची? कुठल्या विद्यापीठात कोणता अभ्यासक्रम, प्रवेशाच्या अटी काय, याची माहिती द्यायची. भरवशाच्या घरमालकिणींच्या याद्या ठेवायची. पालकांची इच्छा असेल तर सल्लागार मुलाचा पालक व्हायचा. म्हणजे वडिलांनी पैसे सल्लागाराकडे ठेवायचे, त्यानं ते मुलाला हप्त्या-हप्त्यानं द्यायचे आणि अभ्यासाची खबर घरी कळवायची. सोलापूरच्या किंवा नागपूरच्या वकिलाला, ज्याचा सतरा वर्षांचा मुलगा सहा हजार मैलांवर आहे, ही केवढी मोठी सोय! मला त्या बापांचं समजतं. हजारो रुपये कर्ज काढून मुलाला पाठवलेलं असायचं.

पण मुलाच्या जागी उभं राहून बघा. पैसे त्याच माणसाकडे. घरी जाणारी खबर त्याच्याच हातात. विद्यापीठं आणि बॅरिस्टरीच्या संस्था आता हिंदी विद्यार्थ्याकडे ओळखीचा आणि चारित्र्याचा दाखला मागू लागल्या, आणि त्यासाठीही बोट त्याच कचेरीकडे. आणि ही कचेरी कुणाच्या अखत्यारीत? इंडिया ऑफिसच्या, म्हणजे ज्या खात्यात राजद्रोहाच्या फायली आहेत त्याच खात्याच्या. आता या मुलानं ‘माझ्या मनाला चैन नाही’ किंवा ‘मी एका सभेला गेलो होतो आणि घाबरलोय’ हे तिथे जाऊन सांगावं, अशी अपेक्षा होती.

म्हणजे आर्नल्डसाहेब हेर होते का? तसं मानायला मला आधार दिसत नाही. माणूस चांगला असून खुर्ची वाईट असू शकते, एवढंच मी म्हणेन. विद्यार्थ्याला माणूस दिसायच्या आधी खुर्ची दिसते.

अर्थात सगळे फटकून राहिले असंही नाही. सत्यजित राय यांचे वडील सुकुमार राय १९११ मध्ये छपाईचं तंत्र शिकायला लंडनला आले तेव्हा ते याच घरात उतरले होते. घरी लिहिलेली त्यांची पत्रं आनंदी आहेत. ज्याचा अभ्यास ठरलेला, शिष्यवृत्ती पक्की, घराणं नावाजलेलं आणि स्वभाव मिश्कील, त्याला २१ क्रॉमवेल रोडनं काहीच त्रास दिला नाही, उलट उपयोगच झाला. अशी व्यवस्था नेहमी ज्यांना तिची सर्वांत कमी गरज असते त्यांच्या बाबतीत सुरळीत चालते.

ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यापैकी एकाची गोष्ट आपल्याला तपशिलात माहीत आहे. भीमराव आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी वसतिगृह, मग काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबचं घर, जिथे निरनिराळ्या देशांची मुलं राहत, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, आयुष्यभरासाठी. १९१६ ला लंडनला निघाले तेव्हा खिशात प्राध्यापक सेलिग्मन यांची पत्रं होती. पुन्हा पत्रंच बघा! गांधींच्या चार पत्रांनंतर अठ्ठावीस वर्षं झाली, दोन कचेऱ्या आणि एक समिती होऊन गेली, तरी परक्या शहरात खऱ्या उपयोगाची गोष्ट म्हणजे ओळखीच्या माणसाचं पत्र.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या घरमालकिणीच्या तुटपुंज्या न्याहारीची आणि रात्री अभ्यास करताना भाजून खाल्लेल्या पापडांची हकिकत त्यांच्या चरित्रांत आहे, तुम्ही ती वाचलीही असेल. त्यागाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. मला ती वाचताना राग येतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरात, जिथे हिंदी विद्यार्थ्यांच्या हितासाठी सरकारी खातं आहे, तिथे एवढ्या बुद्धीच्या विद्यार्थ्याच्या पोटाचा प्रश्न मुंबईतला एक मित्र पोस्टानं सोडवतोय. त्या काळातलं त्यांचं किंग हेन्रीज रोडवरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं.

त्याच सुमाराला, १९२१ मध्ये, नवी समिती बसली. अध्यक्ष लॉर्ड लिटन, हेच पुढे बंगालचे गव्हर्नर झाले. विद्यार्थ्यांची संख्या ली-वॉर्नरच्या काळाच्या दुपटीच्या आसपास गेली होती. कचेरी आता इंडिया ऑफिसकडून नव्यानं नेमलेल्या हिंदी हायकमिशनरकडे आली होती. तरी समितीसमोर तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली, हे खातं आमच्यावर नजर ठेवतं. बारा वर्षांत संशय तसूभर कमी झाला नव्हता.

लिटन समितीसमोर आणखी एक गोष्ट आली, जी मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटते. मुलांच्या तक्रारी खोली-जेवणापुरत्या नव्हत्याच. विद्यापीठांच्या लष्करी प्रशिक्षण दलात हिंदी मुलाला घेत नाहीत. इंजिनिअरिंगचा अभ्यास होतो पण कारखाने प्रत्यक्ष कामाला उभं करत नाहीत. काही कॉलेजांत हिंदी मुलांची संख्या ठरवून ठेवलेली. यावर सल्लागार काय करणार? चांगल्या घरमालकिणीचा पत्ता देऊन रंगभेद जात नाही. समितीचं एक म्हणणं मात्र स्पष्ट होतं. खरा उपाय म्हणजे हिंदुस्थानातच उच्च शिक्षण इतकं वाढवा की एवढ्या मुलांना इकडे यावंच लागू नये.

दरम्यान एक तिसरं घर उभं राहिलं होतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी ब्लूम्सबरीत बांधलेली ‘शेक्सपिअर हट’ नावाची तात्पुरती इमारत युद्धानंतर मोकळी झाली. के. टी. पॉल यांच्या पुढाकारानं १९२० मध्ये तिथे वाय.एम.सी.ए.चं हिंदी विद्यार्थी वसतिगृह आणि संघ सुरू झाला. पॉल तमिळ ख्रिस्ती, राष्ट्रीय वृत्तीचे. वसतिगृहात सर्व धर्मांची मुलं. चालवणारे हिंदी, आणि सरकारी दाखल्यांशी काहीएक संबंध नाही. विद्यापीठाच्या अगदी जवळ, जेवण आपलं. पुढे ते गोवर स्ट्रीटला गेलं, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात सापडलं, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिट्झरॉय स्क्वेअरच्या आजच्या इमारतीत आलं. तिथली खानावळ आजही चालू आहे. २१ क्रॉमवेल रोडवर मात्र पुढे अनेक वर्षं फ्रान्सच्या वाणिज्य दूतावासाची कचेरी होती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजांच्या राज्यातलं. खरं आहे. म्हणून जरा आपल्या घरात बघू.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते, शां. ब. मुजुमदार. त्यांनी अनेकदा सांगितलेली आठवण अशी. वसतिगृहातल्या एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीनं आजारी आहे, आणि त्याच्याच देशाची ती मुलगी त्याला जेवण पोचवतेय. परक्या गावात त्याला पाणी द्यायला दुसरं कुणी नाही. मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केलं आणि त्यातून १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ उभी राहिली. आज तिची ओळख मोठं विद्यापीठ म्हणून आहे. मूळ मात्र त्या खिडकीत आहे. थोडं थांबून विचार करा, पुण्यासारखं शहर, माणसं सुशिक्षित, कॉलेज नामांकित, आणि कावीळ झालेल्या पोराला जेवण द्यायचं काम कुणाच्याही नेमणुकीत बसत नव्हतं. फिलाडेल्फियाची ती धुरकट खोली आणि ही खिडकी, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा, मग अफगाणिस्तान, अमेरिका, बांगलादेश वगैरे. बंगळूर, पुणे, दिल्ली, हैदराबाद इथे राहणाऱ्यांनी ही मुलं रोज बघितलेली असतील. खोली भाड्यानं देताना आपण त्यांना काय विचारतो, रंगावरून रस्त्यात काय हाका मारतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. १९०७ च्या लंडनमधली घरमालकीण आपल्याला फार परकी नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक तरतूद आहे. ज्या संस्थेत परदेशी विद्यार्थी असतील तिथे त्यांच्या स्वागतासाठी आणि मदतीसाठी स्वतंत्र कार्यालय असावं. तरतूद चांगली आहे. पण या मुलांची नोंद सरकारकडे करणं हेही संस्थेचं कायदेशीर कर्तव्य आहे. व्हिसाची मुदत, पत्ता बदलला का, वर्गात येतो की नाही. देशाला हे माहीत असायला हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न टेबलाचा आहे. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही कागद एकाच टेबलावर जातात, एकाच माणसाकडे, कारण जागा एक आणि पगार एक. मग युगांडाच्या एखाद्या मुलीला घरमालकानं रात्री बाहेर काढलं, तर ती त्या टेबलापाशी जाऊन सांगेल का? सांगितलं तर नोंदीतला पत्ता चुकीचा ठरतो. म्हणून ती मैत्रिणीच्या खोलीत गुपचूप राहील आणि कागदावर सगळं ठीक दिसेल.

जिथे जिथे मी या विषयावर बोलतो, तिथे कुणीतरी विचारतं की मग करायचं काय. माझ्याकडे साधी उत्तरं आहेत. नोंदीचं टेबल आणि मदतीचं टेबल वेगळ्या खोल्यांत ठेवा, माणसं वेगळी ठेवा, आणि मदतीच्या टेबलावरची माहिती पलीकडे जाणार नाही हे त्या मुलांना लेखी सांगा. आधी आलेल्या मुलांना थोडे पैसे देऊन नव्यांसाठी त्यांच्या भाषेत ‘गाइड टू पुणे’, ‘गाइड टू मंगळूर’ लिहून घ्या, भाड्यापासून रिक्षापर्यंत. आजारी पडल्यावर डबा कोण पोचवणार त्याचं नाव नेमणूकपत्रात घाला. आणि दर वर्षी मुलांकडून ज्या तक्रारी गोळा कराल, त्यांचं काय केलं ते त्याच वर्षी त्यांना वाचायला द्या. ली-वॉर्नर समितीसमोर साक्ष दिलेली मुलं अहवाल छापून आला तेव्हा पस्तिशी-चाळिशीची झाली होती.